फळ्यावरचं जहाज

आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीत फाटकाजवळ एक फळा आहे. पूर्वी त्यावर पाणी किती वाजता येणार आणि कुणाकडे सत्यनारायण आहे, एवढंच लिहिलं जायचं. मी निवृत्त झाल्यावर तो माझ्या ताब्यात आला. आला म्हणजे मीच घेतला, कुणी दिला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. अक्षर छापल्यासारखं. घरी बसून स्वयंपाकघरात लुडबुड करण्यापेक्षा सकाळी खाली जाऊन लोकांना बातम्या लिहून द्याव्यात, असं आमच्या घरी सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे बायकोच्या मते.

पद्धत अशी होती. साडेपाचला दोन पेपर यायचे. ते चहाबरोबर वाचून तीन बातम्या निवडायच्या, खाली जाऊन ओल्या फडक्यानं फळा पुसायचा आणि लिहायचं. पहिली ओळ ठाण्याची, दुसरी देशाची, तिसरी जगाची. ठाण्याला पांढरा खडू, देशाला पिवळा. जगात सगळीकडे लढायाच चालल्या होत्या, म्हणून तिसऱ्या ओळीला लाल. खाली कोपऱ्यात एक चित्र असायचं. रणगाडा, विमान, नाहीतर क्षेपणास्त्र. चित्रं मी मन लावून काढायचो. रणगाड्याची चाकं मोजून बरोबर असायची.

खरं सांगायचं तर मला युद्धाच्या बातम्या आवडायच्या. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आवडायच्या. संध्याकाळी आम्ही चार निवृत्त माणसं बाकावर बसून कोणत्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती आणि कुणी कुठून चढाई करायला हवी होती, यावर तावातावानं बोलायचो. जत्रेतले फुगे फोडण्यापलीकडे आमच्यातल्या एकानंही कधी बंदूक धरली नव्हती. बायको गॅलरीतून म्हणायची, "सेनापती, युद्धविराम करा आता, गवार निवडायची आहे." मेलेल्यांचे आकडे आम्ही धावसंख्या सांगावी तसे सांगायचो. कुणी म्हणायचं, काल चाळीस गेले. दुसरा म्हणायचा, चाळीस नाही हो, त्रेचाळीस. त्रेचाळीसवाला मग दिवसभर खुशीत असायचा.

आमच्या बरोब्बर डोक्यावरच्या घरात एक कुटुंब राहतं. नवरा, बायको, तिसरीतली मुलगी आणि नवऱ्याची आई. नवरा मूळचा कळव्याकडच्या खाडीकाठच्या जुन्या गावातला. बापाचं मिठागर गेलं, शेत गेलं, मग यानं आयटीआय केलं आणि जहाजावर फिटर म्हणून लागला. वर्षातले आठ-नऊ महिने तो पाण्यावर आणि उरलेले आमच्या जिन्यात. जिन्यात म्हणजे, कुणाचा ना कुणाचा नळ, पंप, गिझर उघडून बसलेला. पैसे दिले तर म्हणायचा, "काय काका, घरच्यासारखं आहे." त्याची बायको घोडबंदर रोडवरच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. माझ्या मधुमेहाचं रक्त दर तीन महिन्यांनी तीच घरी येऊन घेते. सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही. बोलणं कमी, हात स्थिर. सकाळी पावणेसातला ती मुलीला घेऊन उतरते, मुलीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवते आणि स्वतः बस पकडते.

त्या सकाळी तिसरी ओळ अशी होती: तेलवाहू जहाजावर ड्रोनहल्ला, आग, दोन खलाशी बेपत्ता. दोनच बेपत्ता म्हणजे बातमी तशी लहान होती. दुसरीकडे कुठे तरी याहून मोठं काही झालं होतं. पण जहाज काढायला आजवर मिळालं नव्हतं, म्हणून मी ती निवडली. धुराडं काढलं, डेकवरचे पाइप काढले, ज्वाळांना बाहेरून लाल आणि आतून पिवळा दिला, खडू आडवा धरून धूर काढला. चित्र झकास झालं होतं. मी दोन पावलं मागे जाऊन ते बघत उभा होतो.

तेवढ्यात वरच्या मायलेकी खाली आल्या. मुलगी फळ्यासमोर थांबली. म्हणाली, "आजोबा, हे बाबांचं जहाज आहे?"

मी हसलो. म्हणालो, "अगं, समुद्रात हजारो जहाजं असतात. हे दुसऱ्याच कुणाचं तरी."

तिची आईही हसली. मग तिनं ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली आणि विचारलं, "काका, जहाजाचं नाव दिलंय का?"

"दिलं होतं बहुतेक," मी म्हणालो. "ओळीत बसलं नाही."

माझ्या तोंडून आजवर निघालेल्या वाक्यांत याच्याइतकं हलकट वाक्य दुसरं नसेल. मी ते अगदी सहज बोललो होतो. पेपर आणायला वर गेलो, तोही चपला फटफट वाजवत, सावकाश. खाली येऊन पेपर तिच्या हातात दिला. तिनं त्या छोट्या चौकटीवर बोट ठेवलं आणि बोट एका शब्दावर थांबलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये ते आता कुणी उच्चारत नाही.

व्हॅन आली. तिनं मुलीला आत बसवलं, पाण्याची बाटली दिली, हात हलवला. व्हॅन वळून गेल्यावर ती परत माझ्याकडे आली. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता, पण आवाज रोजचाच होता.

"काका, फळा पुसा. आई फुलं घ्यायला उतरतील. त्यांना वाचता येत नाही, पण चित्र कळेल."

मी पुसलं. फडकं ओलं होतं तरी लाल खडू जाईना. पुन्हा पुन्हा पुसलं. ती जिन्याच्या कठड्याला टेकून फोन लावत होती. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

कंपनीचा फोन आला तो दुपारी. चौकशी चालू आहे, निश्चित काही कळलं की कळवू. दुसऱ्या दिवशी जहाजावर भरती करणाऱ्या एजंटनं बेलापूरच्या ऑफिसात बोलावलं. तिचा भाऊ लांब असतो, म्हणून मी बरोबर गेलो. रिकामा माणूस मीच होतो. टेबलामागच्या तरुणानं आधी पाणी दिलं. वाईट बातमी देणारे आधी पाणी देतात हे मला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, ड्रोन इंजिन रूमच्या बाजूला लागला. बाकी सगळे सुखरूप उतरले. त्या वेळी खाली ड्युटीवर दोघंच होते, एक तिचा नवरा आणि एक फिलिपिन्सचा ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेल घालणारा. आग विझल्यावर आत जाता येईल, तोवर दोघं बेपत्ताच धरायचे. तिनं एकच प्रश्न विचारला, आग किती वेळ होती. त्यानं कागद चाळले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती. ऐरोलीच्या पुढे आल्यावर म्हणाली, "काका, आईंना एवढंच सांगू या की शोधतायत." मी मान हलवली.

तिची सासू ते ऐकून निर्धास्त झाली. निर्धास्तच म्हणायला हवं. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "तो खारीत पवाला शिकलेला हाय. पान्यात परला तरी बुरनार नाय." पाण्याचा प्रश्नच नव्हता हे तिला सांगायची छाती कुणाची होणार? मी जिन्यातून जाताना मान खाली घालून जायचो.

त्या दिवसांत मी पेपर अक्षरशः चाळणीनं चाळले. पहिल्या दिवशी चौकट होती. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी तेलाच्या किमतींच्या बातमीत, शेवटच्या परिच्छेदात, अर्धं वाक्य होतं: बेपत्तांचा शोध थांबवण्यात आला आहे. त्यानंतर त्या जहाजाचा उल्लेखसुद्धा नाही. जग दुसऱ्या आगीकडे वळलं होतं. आणि इथे माझ्या डोक्यावर दुपारभर सुनेची पावलं वाजायची, गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. आठवडाभर ती कामावर गेली नव्हती. बायको खाली पोळ्या लाटता लाटता थांबून वर बघायची आणि पुन्हा लाटायला लागायची.

संध्याकाळी बाकावर गेलो तर एकानं विषय काढला. म्हणाला, "पण काय हो, त्या जहाजानं त्या वाटेनं जायलाच नको होतं. आफ्रिकेला वळसा घालून गेले असते तर..." दुसरा म्हणाला, वळशाला दहा दिवस जास्त लागतात आणि इंधनाचा खर्च बघा. मग तिसऱ्यानं तो ड्रोन कोणत्या बनावटीचा असेल ते सांगायला सुरुवात केली. हे सगळं मी स्वतः शंभरदा केलं होतं. तरी माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "वर त्याची आई बसली आहे. तिच्यासमोर जाऊन सांगा बनावट."  त्यांचं काही चुकलं नव्हतं, ते कालपर्यंतच्या माझ्यासारखेच बोलत होते. पण मला तिथे बसवेना. उठलो तो पुन्हा त्या बाकावर गेलो नाही.

फळ्यावर तिसरी ओळ लिहिणंही बंद केलं. लोकांनी विचारलं, मी म्हटलं खडू संपला. कारण वेगळं होतं. पूर्वी 'सहा ठार' वाचलं की मला सहा हा आकडा दिसायचा. आता सहा जिने दिसायला लागले. प्रत्येक जिन्यात कुणीतरी कठड्याला टेकून फोन लावतंय आणि पलीकडून कुणी उचलत नाही. एका ओळीत हे कसं लिहिणार? आणि लिहून वाचणार कोण, हेही आता मला माहीत होतं.

पुढे कंपनीचं पत्र आलं. आग विझल्यावर आत काहीच मिळालं नव्हतं. पत्रात बेपत्ताच्या जागी आता 'मृत मानण्यात येत आहे' असं होतं. पण काहीच मिळालं नाही म्हटल्यावर करायचं काय? सासूनं सुनेला मंगळसूत्र काढू दिलं नाही, फोटो भिंतीवर लावू दिला नाही. दहावं नाही, तेरावं नाही. नातेवाईक भेटायला यायचे आणि नक्की कोणत्या चेहऱ्यानं बसायचं ते न कळून लवकर उठायचे. ती पुन्हा लॅबला जायला लागली. माझं रक्त घ्यायला आली तेव्हा हात तसाच स्थिर होता. कापूस दाबून धरत म्हणाली, "काका, त्याची केबिन वरच्या डेकवर आहे. तिथे आग गेली नाही म्हणाले. सामान पाठवणार आहेत."

मी म्हटलं, बरं झालं.

"खाली ड्युटीला जाताना तो अंगातला टी-शर्ट काढून बंकवर टाकतो आणि बॉयलर सूट चढवतो. घरीपण तसंच, कपडे काढले की खाटेवर. मी किती ओरडायचे त्यावरून." ती सुईचं टोपण लावत होती. "तो टी-शर्ट तसाच येईल. माझं एवढंच म्हणणं आहे, तो तसाच यावा. मी दुसरं काही मागत नाहीये."

 मी तिला चहा घेऊन जा म्हटलं, पण तिला आणखी दोन घरी जायचं होतं.

तिसऱ्या महिन्यात बॅग आली. सून कामावर होती. कुरियरवाला वर गेला तर सासूनं त्याला दारातूनच बजावलं, "तो आयला का तोच खोलंल. कुनी हात लावू नका." कुरियरवाला बॅग घेऊन आमच्याकडे आला. निळी, मोठी, कडीला चिठ्ठी अडकवलेली, चिठ्ठीवर त्याचं नाव. आम्ही ती बाहेरच्या खोलीत ठेवली आणि दुपारभर दोघंही त्या खोलीत गेलो नाही.

संध्याकाळी ती आली. चप्पल काढली, हात धुतले आणि जमिनीवर बसून चेन उघडली. वरचा शर्ट उचलला आणि थांबली. तो शर्ट लहान होता. तिचा नवरा चांगला उंचापुरा. तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. एक जपमाळ निघाली, क्रूस असलेली. पत्र्याच्या घरासमोर, केळीच्या झाडाजवळ उभी असलेली एक बाई आणि दोन मुलं असा फोटो निघाला. तळाशी एक मळका बनियन होता, बोळा करून कोंबलेला. तिनं कप्पे उलटे केले, अस्तराखाली हात घातला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"त्या दुसऱ्याचं आहे," ती म्हणाली. "ऑइलरचं. फोनवर सांगायचा, बुटका आहे पण माझ्यापेक्षा जास्त जेवतो."

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे हिच्या नवऱ्याची बॅग त्या पत्र्याच्या घरात जाऊन पडली होती. मी म्हटलं, उद्याच एजंटला फोन लावतो. माझी बायको इतका वेळ दारात उभी होती. तिला काहीतरी करायला हवं होतं. शेजाऱ्याचा डबासुद्धा आम्ही न धुता परत देत नाही, रिकामाही देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. तिनं तो बनियन आणि दोन शर्ट उचलले. म्हणाली, "बिचारी ती. असे मळके कसे पाठवायचे? मी आत्ता भिजवते, उद्या इस्त्री करून देऊ."

ती झटकन उठली. "काकू, नको. पाण्यात घालू नका." बायकोच्या हातातून तिनं ते कपडे काढून घेतले. "तिला असेच हवे असतील."

मग तिनं सगळं होतं तसं परत भरलं. बनियनचा पुन्हा तसाच बोळा केला आणि तळाशी सारला. फोटो ठेवताना एकदा नीट बघितला. बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

बॅग परत गेली. एजंट म्हणाला, तिकडूनही निघेल, महिना धरा. तो महिना मी पेपरात त्या फोटोतल्या बाईचा देश शोधत होतो. तोवर तो देश माझ्या लेखी नकाशावरचे ठिपके होता. एकदा तिकडे वादळ आल्याची बातमी होती, अगदी आतल्या पानावर. मला ते पत्र्याचं छप्पर आठवून दिवसभर चैन पडलं नाही. त्यात आपली बॅग अडकली आहे याचीही काळजी होतीच, खोटं कशाला बोलू. वर ती रोज विचारायची, "काही कळलं का?" आणि मी म्हणायचो, "निघाली असेल."

आमची बॅग आली ती एका रविवारी. या वेळी तिनं सासूला काही सांगितलंच नाही, कुरियर सरळ आमच्या दारात मागवला. आमच्या बाहेरच्या खोलीत, त्याच जागी ती बसली. चेन उघडली तशी खोलीभर साबणाचा वास पसरला. कसला तरी फुलांचा, गोडसर. तसला साबण आमच्याकडे मिळत नाही.

सगळ्यात वर सुकवलेल्या आंब्याचं एक पाकीट होतं. त्याखाली एक कार्ड, त्यावर इंग्रजीत दोन ओळी, कुणा मुलाकडून लिहून घेतल्यासारख्या: आम्हाला माहीत नव्हतं, माफ करा. आईनं सगळं जपून ठेवलं आहे. त्याखाली कपडे. एकूणएक धुतलेले, कडक इस्त्रीचे, बाह्या आत दुमडून घड्या घातलेले. मोजेसुद्धा जोडीनं गुंडाळलेले.

तिनं पहिला शर्ट उचलून नाकाशी धरला. बाजूला ठेवला. दुसरा धरला. तिसरा. घाई नाही, एकेक, रोज रक्ताच्या ट्यूबवर नावं चिकटवते तशी. शेवटी तो टी-शर्ट आला, करडा, गळ्याशी सैल झालेला. तो तिनं तोंडावर घट्ट दाबला आणि कितीतरी वेळ तशीच बसली. खांदे हलले नाहीत. माझी बायको पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. मला वाटलं, आता ही ओरडेल, काहीतरी फेकेल. तिनं फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिनं टी-शर्ट खाली घेतला, मांडीवर पसरला आणि पोटाच्या जागेवरून हात फिरवला.

"इथे ऑइलचा डाग होता," ती म्हणाली. "मी इतक्या वेळा घासला, माझ्याकडून कधी गेला नाही. तिनं काढला."